साडेचौदा हजारांचं बेस गिटार किट, सात महिन्यांनंतर

दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पहाटेच्या कार्यक्रमात मी किटमधले सुटे भाग स्वतः जोडून केलेला बेस, म्हणजे खालचे सूर देणारी चार जाड तारांची गिटार, वाजवला. तेव्हापासून चौघांनी विचारलंय, "असं किट आम्हीही घेऊ का?" चौघांनाही फोनवर अर्धा-अर्धा तास सांगून झालं. पाचव्यासाठी आता लिहूनच ठेवते.

आधी निकाल सांगून टाकते. आयुष्यातला पहिला बेस म्हणून हे किट घेऊ नका. शिकत असताना तार खरखरली, की दोष बोटाचा की वाद्याचा हे नवख्याला कळत नाही आणि तो निष्कारण स्वतःला दोष देत बसतो. पण दोन-तीन वर्षं वाजवून झालं असेल, आपलं वाद्य आतून कसं आहे हे बघायची ओढ असेल आणि दोन-अडीच महिन्यांचे रविवार मोकळे काढता येत असतील, तर जरूर घ्या. मी पुन्हा घेईन.

मी एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माहेर मिरज, सासर पुणे. चार वर्षांपासून बेस वाजवते, तोही एका मैत्रिणीच्या भावाचा मागून आणलेला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांत गायकाच्या खाली काय चाललंय याकडे एकदा कान गेला आणि मग तेच ऐकू यायला लागलं. असा माझा या वाद्याशी संबंध. सोल्डरिंग रोजच्या कामातलं, त्यामुळे येत होतं. सुतारकाम अजिबात येत नव्हतं. पण माझे मामा मिरजेत चाळीस वर्षं तंबोरे बनवतायत आणि या सात महिन्यांत मी त्यांना जेवढे फोन केले तेवढे आधीच्या सात वर्षांत केले नसतील.

किटच्या खोक्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही, नुसता मॉडेल नंबर आहे. ऑनलाइन मागवलं, घरपोच साडेचौदा हजार. धर्ती फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जॅझ बेसची, म्हणजे १९६० साली आलेल्या त्या दोन पिकअपवाल्या बेसची. (पिकअप म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारं चुंबक आणि वेटोळं.) आत काय होतं? कोरून, भोकं पाडून तयार केलेली बासवुडची बॉडी. वीस फ्रेट ठोकलेली मेपलची नेक. चार मशीन हेड (तारा पिळायच्या खुंट्या), ब्रिज, दोन पिकअप, तीन पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायचे), जॅक (अ‍ॅम्पची वायर खुपसायचा), स्क्रूंची पुडी, तारांचा एक संच आणि वायरिंगच्या धूसर चित्राचा एक कागद. जोडणी कशी करायची याबद्दल एक ओळही नाही. (बासवुड या नावाचा बेस गिटारशी संबंध नाही. लिंडेनच्या झाडाचं हे लाकूड. हलकं आणि इतकं मऊ, की नख रुतवलं तर व्रण राहतो.)

नेकला मी पुढे दांडी म्हणणार आहे, फ्रेटला पडदा, ब्रिजला घोडी आणि नटला, म्हणजे खुंट्यांच्या बाजूच्या खाचांच्या पट्टीला, मेरू. मामांशी बोलताना हेच शब्द तोंडात बसले आणि मिरजेच्या माणसाला तेच जवळचे.

पहिल्या रविवारी दांडी खोबणीत बसवली, मागून चार स्क्रू आवळले आणि घोडी तिच्या भोकांवर ठेवली. तारा चढवायच्या आधी मामांनी एक काम सांगितलं होतं. शिवणाचा काळा दोरा घ्यायचा. एक तुकडा मेरूच्या सगळ्यात जाड तारेच्या खाचेतून घोडीच्या जाड तारेच्या सॅडलपर्यंत (घोडीवर तार टेकते तो तुकडा) ताणायचा, दुसरा बारीक तारेचा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी. मग खुर्चीवर उभं राहून वरून बघायचं, दोन्ही दोरे दांडीच्या कडांपासून सारख्या अंतरावर धावतायत का.

धावत नव्हते. शेवटच्या पडद्यापाशी जाड तारेच्या बाजूला कडेपासून साडेचार मिलिमीटर जागा होती आणि बारीक तारेच्या बाजूला जेमतेम पावणेदोन. एवढ्यावर बारीक तार दाबली की ती पडद्याच्या कडेवरून खाली घसरणार. मी लगेच ठरवून टाकलं की घोडीची भोकं चुकीच्या जागी पाडलीयत. ती बांबूच्या काड्या आणि फेव्हिकॉल घालून बुजवायची आणि नवी पाडायची. ड्रिल शेजाऱ्यांकडून आणलंसुद्धा. तरी एकदा मामांना फोटो पाठवला.

"भोकं वाकडी हायत असं कशावरनं म्हणतीस?" ते म्हणाले. "आधी दांडी सरळ बसलीय का बघ की पोरी. लाकडाला भोक एकदाच पडतंय."

दांडी खरंच वाकडी होती. खोबणी थोडी ऐसपैस कोरलेली, एका बाजूला दुमडलेलं व्हिजिटिंग कार्ड आत जात होतं. चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल केले, दोरे तसेच ठेवले आणि दांडीचं टोक हळूच बाजूला रेटलं. माझ्या डोळ्यांसमोर तो काळा दोरा पडद्यांवरून सरकत मध्ये आला. हिशोब नंतर कागदावर केला. खोबणी साधारण पंचाहत्तर मिलिमीटर लांब, तिथून घोडी तीनशे मिलिमीटर पुढे. खोबणीत दांडी अर्धा मिलिमीटर तिरपी बसली, की घोडीपाशी दोन मिलिमीटरचा फरक पडतो. माझा सगळा प्रश्न तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरचा होता. फटीत व्हीनिअरची पातळ पट्टी बसवली, कारण चार तारा चढल्यावर मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण येतो आणि त्या ताणाने दांडी पुन्हा सरकायला नको. स्क्रू आवळले. शेजाऱ्यांचं ड्रिल न वापरता परत केलं.

त्याच बैठकीत घोडीचं अंतरही मोजून घ्या. या बेसची तार मेरूपासून घोडीपर्यंत ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत त्याच्या बरोबर निम्मं, ४३२. तिथून सॅडलपर्यंत पुन्हा तेवढंच आणि वर मागेपुढे करायला थोडी जागा. माझ्या किटमध्ये हे बरोबर होतं. ते चुकलं असतं तर वाद्य कधीच सुरात लागलं नसतं आणि किट परत पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून लाकडाला पॉलिश पेपर लावण्याच्या आधी हे बघाच. रंग दिलेलं किट कोणी परत घेत नाही.

आता लाकूड. बॉडी किटमध्ये कोरीच येते, रंग-पॉलिश आपण द्यायचं. बोहरी आळीतून १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर आणले. हाताने घासायला मला तीन रविवार लागले. सगळ्यात खरखरीत त्या १२० ला घाई करू नका, एवढंच सांगते. यंत्राने कोरताना कडांना बारीक लाटा राहतात, त्या कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत आणि पॉलिशचा पहिला हात दिला की सगळ्या उठून दिसतात.

फवाऱ्याचा रंग द्यायला आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि तो वास मुलांना नको, म्हणून लाखदाणा, म्हणजे पॉलिशची लाख, निवडला. रात्री स्पिरिटमध्ये भिजत घातला, सकाळी जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळला. कापसाचा गोळा त्याच फडक्यात बांधून त्याचा बोळा केला आणि बोळ्याने एकावर एक पातळ हात देत गेले. मऊ पिवळसर बासवुडला मधासारखा रंग चढत होता. चौथ्या हातानंतर मी बॉडी खिडकीशी उभी करून नुसती बघत बसले होते.

सहावा हात दिला त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड होती. दहा मिनिटांत सगळ्या पृष्ठभागावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर आला. मला रडू यायचं बाकी होतं. महिन्याभराचं काम वाया गेलं असंच वाटलं. कारण नंतर डोक्यात आलं आणि ते मी मुलांना दरवर्षी प्रयोगशाळेत दाखवतेच: स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर तिच्यातली वाफ त्या गार पृष्ठभागावर बसते आणि ओल्या लाखेत अडकते. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं, नुसतं पाणी अडकलं होतं. उघडीप पडायची चार दिवस वाट पाहिली, दुपारच्या कोरड्या वेळी बोळ्यावर नुसतं स्पिरिट घेऊन हलक्या हाताने फिरवला आणि साय विरघळून गेली. पुण्यात हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. ऑक्टोबर उत्तम. लाखेची खोडही सांगते: घामाचा हात सतत जिथे टेकतो तिथली चमक लवकर उतरते. माझ्या बॉडीच्या वरच्या कडेवर ती आत्ताच उतरलीय. पण बोळा फिरवला की पुन्हा येते, सगळं खरवडावं लागत नाही.

दांडीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण किटमधली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वेळखाऊ वस्तू तीच. मेपल चांगलं आहे, गाठ नाही, रेषा सरळ. पडदे ठोकलेल्या वरच्या पट्टीला जाहिरातीत रोजवुड, म्हणजे शिसव, म्हटलंय. मामांनी ती हातात घेऊन, ओला अंगठा फिरवून सांगितलं की ही शिसव नव्हे, दुसऱ्या कुठल्या लाकडाला रंग दिलाय. अंगठ्याला तपकिरी डाग आला होता. आवाजात त्याने फार फरक पडत नाही, पण जाहिरातीत खोटं लिहिलं ते लिहिलंच.

तारा चढवल्यावर बारीक तार आठव्या पडद्यावर दाबली की खरखर यायची. तंबोऱ्यात ही खरखर मुद्दाम आणतात, तीच जवारी. तंबोऱ्याच्या घोडीला अगदी अलवार उतार घासतात, तारेखाली सूत सरकवतात आणि तार त्या उतारावर घासत घासत बोलते. म्हणून तर तंबोरा एवढा भरून येतो. मामांचं आयुष्य तार कुठे आणि किती घासावी हे ठरवण्यात गेलं. मी त्यांना फोनवरून आठवा पडदा वाजवून दाखवला. त्यांनी तोवर आयुष्यात बेस गिटार हातात धरलेली नव्हती. ते म्हणाले, "घासतीय. बोट हाय त्याच्या लगीच म्होरं घासतीय. पुढचा पडदा उचललाय बघ."

बरोबर नववा. तपासायची रीत सोपी आहे. स्टीलची छोटी सरळ पट्टी एका वेळी फक्त तीन पडद्यांवर टेकवायची. मधला उंच असेल तर पट्टी दोन्ही बाजूंना डुगडुगते. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत, चारही तारांच्या खाली हे करत जायचं. माझी पट्टी नवव्यावर, बारीक तारेच्या कडेला डुगडुगली. भिंग लावून पाहिलं तर पडद्याच्या टोकाखाली केसाएवढी फट. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने दोन हलके ठोके दिले, पातळ फेव्हिक्विकचा एक थेंब फटीत सोडला, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवलं. सकाळी पट्टी हलली नाही. बाकीचे एकोणीस पडदे ठीक निघाले. या किमतीत ते कौतुकास्पद आहे आणि तसं मी मनापासून म्हणते.

दांडीच्या पोटात पोलादी सळई असते, ती अ‍ॅलन कीने पिळून दांडीचा बाक कमी-जास्त करता येतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यामधली फट बघायची. ०.३ मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड अलगद जाईल एवढी हवी. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका आणि फिरवल्यावर लाकडाला रात्रभर वेळ द्या. त्यानंतरच घोडीवरून तारांची उंची ठरवा. सतराव्या पडद्यापाशी माझी जाड तार २.४ आणि बारीक तार २ मिलिमीटरवर आहे आणि मला ती बोटाला छान लागते.

मेरू प्लास्टिकचा, त्याच्या खाचा फारच उथळ. त्यामुळे पहिल्या पडद्यापाशी तार उंच राहते आणि दाबताना ती इतकी ताणली जाते की सूर चढतो. सुटी तार ट्यूनरवर चोख, पण पहिल्या पडद्यावर दाबली की चढीच. बऱ्याच जणांना वाटतं ट्यूनिंग उतरतंय, आणि ते खुंट्या पिळत बसतात. बारीक गोल कानशीने खाच खोल करायची, खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती. दोन घासे, तार लावून बघायची, पुन्हा दोन घासे. शेवटचा हात मामांच्या सांगण्यावरून जुन्या तारेच्या तुकड्यानेच दिला. पीळ असलेली तार स्वतःच कानशीसारखी चालते आणि खाच तिच्याच मापाची होते.

पडदे उपटून टाकून बेस सपाट करायचा का, असंही एकाने विचारलं. जाको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाने १९६२ च्या जॅझ बेसवर ते केलं, फटी भरून वर बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिला, आणि त्या वाद्यावर त्याने जे वाजवलं ते ऐकून कोणालाही मोह होईल. पण या किटच्या दांडीवर ते करू नका. वरची पट्टी मऊ आहे, पडदे निघताना तिचे टवके उडतील.

इलेक्ट्रॉनिक्स हा या किटचा खरा कच्चा भाग. मी शिकून-सवरून याच विषयात असल्यामुळे इथे मला सगळ्यात जास्त राग आला. अशा पिकअपना २५० के (किलोओहम) चे लॉग पॉट लागतात. किटमध्ये आले ५०० के, तेही लिनिअर. पॉटच्या पाठीवर B500K असं छापलेलं दिसलं की समजा. A म्हणजे लॉग, B म्हणजे लिनिअर. आपला कान आवाजाची चढण पटीत मोजतो आणि लॉग पॉट तसाच पटीत चढतो, लिनिअर एकसारखा. लिनिअर पॉटने आवाज कमी करायला गेलात तर बराच वेळ फरकच जाणवत नाही आणि मग शेवटच्या थोड्याशा फिरवण्यात तो एकदम पडतो. गाणं चालू असताना हे फार त्रासाचं.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी गेले. तिसऱ्या दुकानातले काका म्हणाले, "ताई, अडीचशे के नाही मिळायचा. दोनशे वीस घ्या, लॉगमध्ये आहे." घेतला. आवाज कणभर गोल होतो, जुन्या गाण्यांना तो मला जास्तच आवडला. टोनसाठी सिरॅमिकची चकती काढून पॉलिएस्टरचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, त्यावर ४७३ असा आकडा असतो. किटमधले नॉब मात्र नव्या पॉटवर बसले नाहीत. इथल्या पॉटचा दांडा अर्धगोल, किटच्या नॉबचं भोक दातेरी. नॉबही तिथूनच घेतले.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी दोन रात्री जागले. पुढचा पिकअप एकटा छान वाजायचा. मागचाही. दोन्ही पूर्ण उघडले की आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यासारखा, खालचा सगळा भरणा गायब. शिवाय घरघर वाढायची. जॅझ बेसच्या दोन पिकअपचं वेटोळं एकमेकांच्या उलट असतं आणि चुंबकही उलट. त्यामुळे दोन्ही एकत्र उघडले की तारेचे संकेत जुळतात आणि घरच्या विजेची ५० हर्ट्‌झची घरघर एकमेकींना खोडते. माझ्याकडे नेमकं उलटं होत होतं.

कॉलेजमधून सुईचा जुना मल्टिमीटर आणला, सरांना विचारून. एका पिकअपच्या दोन वायरींना त्याच्या दोन पिना लावल्या, सगळ्यात लहान डीसी रेंज ठेवली आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या खिळ्यांवर टेकवून झटकन उचलला. उचलताना सुई उजवीकडे थरथरली. पोलॅरिटी तीच ठेवून दुसऱ्या पिकअपला तेच केलं. तिथेही उजवीकडेच जायला हवी होती. गेली डावीकडे. अकरावी-बारावीच्या मुलांसमोर चुंबक आणि वेटोळं मी शेकडो वेळा ठेवलंय, सुई हललेली शेकडो वेळा पाहिलीय. पण रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, आपल्याच वाद्याचा दोष ती सुई इतक्या सरळपणे दाखवते तेव्हा अंगावर काटा येतो. कागदावरच्या चित्रात दोन्ही पिकअपची पांढरी वायर गरम (संकेताची) आणि काळी अर्थ दाखवलीय. प्रत्यक्षात मागच्या पिकअपच्या वायरींचे रंग उलट होते. त्या दोन वायरींची अदलाबदल केली, दोन डाग झाळले. दोन्ही पिकअप उघडले. पातळपणा गेला, घरघर जवळजवळ गेली आणि जाड तारेचा तो ४१ हर्ट्‌झचा सूर ओट्यावरच्या स्टीलच्या ताटांना लागला.

घोडीच्या खाली एक उघडी वायर येते, ती अर्थची. ती पॉट बसतात त्या बॉडीतल्या पोकळीतून भोकाने वर आणून घोडीखाली दाबायची असते. माझ्या बॉडीत ते भोक लाकडाच्या भुशाने बुजलेलं होतं, सायकलच्या स्पोकने मोकळं केलं. ही वायर राहिली तर तारांना हात लावूनही गुणगुण कमी होत नाही. पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून तीही अर्थला जोडली. मोबाइल चार्जर, ट्यूबलाइट यांची कुरकुर त्याने कमी होते. एकच पिकअप उघडला तर घरघर थोडी राहतेच, ती पट्टीने जात नाही.

किटमधल्या तारा दोन दिवसांत काढल्या, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) चांगला संच लावा. चौथी खुंटी, बारीक तारेची, थोडी ढिली आहे, अजून चालतेय. जॅक पहिल्याच आठवड्यात सैल झाला. विक्रेत्याला कळवलं, अकरा दिवसांनी दुसरा आला, तोही तसाच. शेवटी बुधवार पेठेतलाच लावला. उलट उत्तर कोणी दिलं नाही, पण पॉटबद्दल आणि रोजवुडबद्दल विचारलं त्याला आजवर उत्तरच आलेलं नाही.

खर्च: किट १४,५००. पॉलिश पेपर, कानशी, क्लॅम्प ९००. लाखदाणा आणि स्पिरिट ६००. पॉट, कपॅसिटर, नॉब, जॅक ४५०. तांब्याची पट्टी ५००. तारा २,३००. एकूण १९,२५०. तेवढ्या पैशांत दुकानात तयार बेस मिळतो आणि तो पहिल्या दिवशी माझ्या पहिल्या दिवसापेक्षा चांगला वाजतो. हे ज्यांना बोचेल त्यांनी तयारच घ्यावा.

पण आज, सातव्या महिन्यात, मैत्रिणीच्या भावाचा तो नावाजलेला बेस आणि माझा असे दोन्ही लागोपाठ वाजवले की माझा मागे पडत नाही. खालचा सूर तसाच भरीव आणि वरच्या पडद्यांवर माझा जास्त मोकळा, कारण तो माझ्या बोटांच्या मापाने लावलेला आहे. दिवाळीला मामा पुण्याला आले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी बेस मांडीवर घेतला, अ‍ॅम्प बंदच ठेवायला सांगितला, बॉडीच्या कडेला कान लावला आणि चारही तारा एकेक करून छेडल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिसरी जरा दबकी बोलतीय. मेरूत अडकलीय." त्याच संध्याकाळी तिसरी खाच दोन घासे मोकळी केली.

घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून दोन फोटो आधी मागवावेत: एक दांडी खोबणीत बसवून वरून काढलेला, दुसरा पॉटच्या पाठीवरचा आकडा दिसेल असा. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

सध्या थंडी आहे, हवा कोरडी. वरची पट्टी आक्रसलीय आणि पडद्यांची टोकं कडेला बाहेर आलीयत, हात खालून वर नेला की तळव्याला लागतात. कानस आणि चिकटपट्टी काढून ठेवलीय. या रविवारी तेच काम, वीस पडद्यांची चाळीस टोकं.